आकुर्डीचा रफार

आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००४ साली जुने षटकोनी चिन्ह उतरवले आणि पुण्याच्याच एलिफंट डिझाइनकडून नवे करून घेतले. बघणाऱ्याची नजर चिन्हाकडे जाते. माझी त्याच्या जोडीच्या पाच रोमन अक्षरांवर खिळते. जाड, उजवीकडे कललेली, टोकांना शेपट्या नसलेली ही अक्षरे म्हणजे निगडी ते चाकण या पट्ट्याचे घरचे वळण आहे. टेम्पोचा हौदा, सुट्या भागांची खोकी, गॅरेजची पाटी, रेडियमवाल्याने कापून दिलेले नाव, सगळीकडे त्याचीच भावंडे. रोमनमध्ये इतके सहज बसलेले हे वळण देवनागरीत मात्र अवघडलेले दिसते. त्याचा दोष लिपीवर ढकलला जातो, तो माझ्या मते आपल्या आळसाचा आहे.

इतिहास झटपट उरकतो. व्हेनिसच्या आल्डुस मानुटियुसने १५०१ मध्ये व्हर्जिल तिरप्या खिळ्यांत छापला. तेव्हा तिरपा टाइप एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठी नव्हता, अख्खे पुस्तकच त्यात होते. बिनशेपटीचा टाइप लंडनच्या कॅस्लन घराण्याने १८१६ च्या सुमारास नमुन्यात दाखवला. पाउल रेनरचा फ्युचुरा १९२७ चा, आणि त्याचे जाड-तिरपे रूप बार्बरा क्रूगर या अमेरिकन कलावतीने १९८० च्या दशकात आपल्या चित्रफलकांवर गाजवले.

असे जाड-तिरपे अक्षर वाहनाचा वेग दाखवते, असे सर्रास म्हटले जाते. ते निम्मेच खरे आहे. उजव्या अंगाने पाहिले तर गाडीचे तोंड उजवीकडे आणि अक्षराचा कलही उजवीकडे. डाव्या अंगाने पाहताना तोंड डावीकडे असते, अक्षर मात्र मागे रेलते. आणि वाहने डावीकडून चालणाऱ्या आपल्या देशात कडेने चालणाऱ्याला बहुधा हीच बाजू दिसते. तरी ते खटकत नाही, कारण डोळा डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि गाडीची पुढची काचही मागेच रेललेली असते. वेग वाहनाचा नसतो, वाचणाऱ्याचा असतो. जाता जाता एक गंमत: १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सक्तीच्या झालेल्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेटवर अक्षरे अगदी ताठ हवीत, पण त्यांच्यावरच्या फिल्ममध्ये ‘इंडिया’ हा रोमन शब्द ४५ अंशांत कललेला असतो.

आता मूळ दुखणे. फॉन्टला स्वतःचे तिरपे रूप नसेल, तर बटण दाबल्यावर संगणक अक्षराचा तळ जागेवर ठेवून डोके उजवीकडे ढकलतो. रोमन मोठ्या अक्षरांना हे बऱ्यापैकी सोसते, कारण त्यांचा कारभार तळ आणि माथा यांच्यातच आटोपतो. देवनागरीत शिरोरेखेच्या वरही बिऱ्हाड आहे आणि तळाखालीही. १२ अंशांचा कल दिला, तर उजवीकडे ४५ अंशांत झुकलेली रेघ सुमारे १० टक्के बारीक होते आणि डावीकडे तेवढीच झुकलेली सुमारे ११ टक्के जाड होते. ‘भोसरी’ घ्या. त्यातल्या ‘र’चा पाय सुजतो. ‘भो’वरची मात्रा मुळात डावीकडे कललेली, ती ४५ वरून ३८ अंशांवर येते, म्हणजे सगळा शब्द वाकत असताना ही एकटी ताठ होऊ पाहते. शिरोरेखा आडवीच राहते. ‘चाकण’ निभावून जाते, कारण त्या शब्दाला वर-खाली काहीच नाही. ‘आकुर्डी’ फसते: तळाखालचा उकार डावीकडे सरकतो, दीर्घ वेलांटीवरचा रफार उजवीकडे पळतो आणि शब्द संपल्यावरही बाहेर लोंबत राहतो. यावर जाडी चढवली की ‘ण’, ‘भ’, ‘क्ष’ यांच्या पोकळ्या बुजतात. हाताने रेखाटणारा कलाकार सांध्यांपाशी रेघ बारीक करतो, मात्रा पुन्हा कलती करतो, रफार आत ओढतो, कलही दोन-तीन अंशांनी कमी ठेवतो. यंत्राला यातले काहीच सुचत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की तिरपेपणा देवनागरीचा नव्हेच. छापील देवनागरीपुरते ते खरे आहे. पण याच मुलखाची दप्तरे शतकानुशतके मोडीत लिहिली गेली. धावत्या हाताची आणि कललेल्या रेघेची मराठी डोळ्याला सवय नव्हती, असे कोण म्हणेल? नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरे तर प्रत्येक नाटकाचा स्वभाव ओळखून वळण घेत. दुसरा आक्षेप खर्चाचा. जोडाक्षरे धरून देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकार काढावे लागतात, ही अडचण खरीच आहे. म्हणून तर हिंद या फॉन्टमध्ये ५ आणि मुक्ता या फॉन्टमध्ये ७ जाड्या मिळतात, तिरपे रूप एकही नाही, रा. कृ. जोशी यांच्या मंगललाही ते नाही. उलट इंडियन टाइप फाउंड्रीच्या पॉपिन्समध्ये १८ रूपे आहेत आणि त्यांतली निम्मी तिरपी. म्हणजे काम होऊ शकते. शिवाय पाटीला अख्खा फॉन्ट लागत नाही, दोन-चार शब्द लागतात. मजकुरासाठी हे वळण मी सुचवणारही नाही. दोन ओळींपुढे ते डोळ्यांना छळते.

राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मराठी पाटी सर्वांना सक्तीची झाली आणि देवनागरी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असे ठरले. आकार कायद्याने बांधला. वळणाबद्दल तो काही बोलत नाही. त्यामुळे रोमन नाव नीट रेखाटलेले आणि त्याच्यावर मराठी नाव ढकललेले, अशा पाट्या लागतात. तेव्हा पाटी करायला टाकणाऱ्यांना एकच विनंती: अक्षरे कापणारा प्लॉटर चालू होण्याआधी ‘आकुर्डी’ हा शब्द जाड-तिरपा छापून मागवा. रफार वेलांटीवर बसलेला नसेल, तर खुशाल सरळ उभे जाड अक्षर घ्या.