गव्हाचं नातं कसं ओळखतात?

खपली गहू आपण लगेच ओळखतो. मळणी झाली तरी त्याचं टरफल सुटत नाही, कांडावं लागतं. पण दोन घरांतली खपली शेजारी ठेवली, तर ती एकाच वाणाची की वेगळी, हे दाणे बघून सांगणं अवघड. तिथे डीएनएची तपासणी कामी येते.

डीएनए म्हणजे प्रत्येक पेशीत असलेली लांबलचक माळ. तिच्यात मणी चारच प्रकारचे. काही ठरावीक जागी दोन-तीन मण्यांचा तोच गट पुन्हा पुन्हा येतो, एका वाणात समजा १० वेळा, दुसऱ्यात १४ वेळा. अशा जागेला शास्त्रज्ञ ‘मार्कर’ म्हणतात, आपण खूण म्हणू.

तपासणीला कोवळं पान पुरतं. पानातून डीएनए काढतात आणि यंत्रात त्या खुणेच्या असंख्य नकला करतात. मग त्या जेलीसारख्या थरात घालून वीज सोडतात. आखूड तुकडे पुढे जातात, लांब मागे राहतात, आणि पट्टे दिसतात. एका खुणेवरून काही ठरत नाही. पुष्कळ खुणा जुळल्या तर वाण जवळचे, थोड्याच जुळल्या तर लांबचे.

याचा आपल्याला काय उपयोग? सगळ्या शिवारात एकमेकांच्या जवळचेच वाण असले आणि नव्या प्रकारचा तांबेरा आला, तर सगळ्यांचंच पीक एकदम जातं. अशा वेळी लांबच्या नात्यातला वाण उपयोगी पडतो. आपली खपली ऑस्ट्रेलियातल्या गव्हाशी संकरासाठी वापरली गेली आणि ‘खपस्टाइन’ हा गहू तयार झाला. खपलीतला ‘एसआर १३’ हा जनुक खोडावरचा तांबेरा रोखतो. युगांडात सापडलेल्या ‘युजी ९९’ या घातक तांबेऱ्यापुढेही तो टिकला.

मात्र पोळी मऊ होईल का, आपल्या जमिनीत उतारा किती येईल, हे नात्याच्या या खुणा सांगत नाहीत. ते पेरून आणि रांधूनच कळतं.

म्हणून बचत गटात जुनं बियाणं जमवाल, तेव्हा सगळ्यांचं एकाच कोठीत ओतू नका. एकदा मिसळलं की निवडणं कठीण. प्रत्येक घरचं वेगळं ठेवा, चिठ्ठीवर गाव, कोणाकडून आलं आणि किती वर्षांपासून पेरता ते लिहा. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे शेतकऱ्याला आपला पारंपरिक वाण नोंदवता येतो. त्या वेळी ही चिठ्ठी उपयोगी पडेल.