माळेगावचा खंडोबा आणि जर्मन विद्या

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी जवळ आली की नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगावची वाट माणसांनी आणि जनावरांनी भरून जाते. घोडे, गाढवे व उंट यांचा बाजार, कुस्त्यांचे फड आणि लावणीचे कार्यक्रम यांसाठी ही यात्रा प्रसिद्ध असून तिची व्यवस्था जिल्हा परिषद पाहते. ज्या दैवताच्या नावाने येथे भंडारा उधळला जातो, त्या खंडोबाच्या उपासनेचा एक मूलगामी अभ्यास १९७६ साली जर्मन भाषेत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, ही गोष्ट मात्र यात्रेकरूंपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

या ग्रंथाचे कर्ते डॉ. गुंथर सोन्थायमर (१९३४-१९९२) हे हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत प्राध्यापक होते. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांचे मूळ त्यांनी केवळ पोथ्यांत शोधले नाही. मराठी आत्मसात करून ते धनगरांमध्ये वावरले, त्यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. खंडोबाची एक पत्नी म्हाळसा वाण्याची, तर दुसरी बाणाई धनगराची. या लोककथेत स्थिर वस्तीचे जग आणि रानोमाळ हिंडणाऱ्या पशुपालकांचे जग यांचा संबंध दडलेला आहे, हे त्यांच्या संशोधनातून ध्यानी येते. देवदर्शन आणि जनावरांचा बाजार एकाच माळावर का भरतो, याचा विचार करणाऱ्यास हे विवेचन निश्चितच उपयोगी पडेल. १९८९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला.

विद्यापीठातील जर्मन भाषेचा अभ्यास म्हणजे नामांची लिंगे व क्रियापदांची रूपे पाठ करणे, असा एक सर्वसाधारण समज आहे. ही घोकंपट्टी चुकत नाही, हे खरे. तथापि त्या विद्येचे दुसरे अंग सार्वजनिक व्याख्याने, चित्रपट, नाट्यवाचन व चर्चा यांतून प्रकट होते आणि तेच सामान्य नागरिकापर्यंत पोहोचू शकते. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १८२७-२८ मध्ये बर्लिन येथे सृष्टिविज्ञानावर विनामूल्य जाहीर व्याख्याने दिली, तेव्हा राजघराण्यातील मंडळींपासून कारागिरांपर्यंत सर्व थरांतील श्रोते जमले होते. विद्यापीठाची दारे ज्यांना बंद होती, त्या स्त्रियाही श्रोत्यांत होत्या. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा ज्यांना परिचित आहे, त्यांना हा प्रकार परका वाटू नये.

मराठी रंगभूमीनेही जर्मन साहित्याशी असाच उघड्यावर व्यवहार केला. ब्रेख्तच्या नाटकावरून चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' सिद्ध केले. विजया मेहता यांनी ते रंगमंचावर आणताना जर्मन दिग्दर्शक फ्रित्झ बेनेवित्स यांचे सहकार्य लाभले. पु. ल. देशपांडे यांचा 'तीन पैशाचा तमाशा' १९७८ चा. परंतु जर्मन विद्येचे हे व्यवहार बहुतांशी पुण्या-मुंबईच्या परिघात घडले.

मराठवाड्याच्या दृष्टीने हा प्रश्न आता केवळ अभिरुचीचा राहिलेला नाही. कुशल मनुष्यबळ पुरविण्यासंबंधी महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ मध्ये करार केला आणि जर्मन भाषेचे प्रशिक्षण ही जिल्हा पातळीवरील बाब झाली. युरोपीय मोजपट्टीनुसार भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या आहेत. परिचारिकेस जर्मनीत व्यवसायाची मान्यता मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे चौथी, म्हणजे 'बी-दोन' ही पायरी गाठावी लागते. त्यासाठी शिकवणी हवीच. पण अहमदपूर किंवा कंधारची मुलगी ज्या वृद्धांची शुश्रूषा करावयास जाईल, त्यांचे सण, त्यांची युद्धाची स्मृती, त्यांचे अबोलपण यांविषयी तिला आधी कोणी सांगणार आहे काय? शब्दकोशात हे सापडत नाही. व्याख्यानात, चित्रपटानंतरच्या प्रश्नोत्तरांत सापडू शकते. आणि ज्या हायडेलबर्गमध्ये सोन्थायमर यांनी खंडोबाचा अभ्यास केला, ते शहर याच बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आहे.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. नांदेड येथे मुख्य परिसर व लातूर येथे उपकेंद्र असल्याने अशा उपक्रमास दोन स्वाभाविक ठिकाणे उपलब्ध आहेत. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. सभागृह, पडदा, मराठीतून बोलणारा जाणकार, मूळ उताऱ्याचे वाचन व सोबत त्याचा अनुवाद एवढे पुरे. वेळ मात्र विचारपूर्वक ठरवावी लागेल. सायंकाळी सातचे व्याख्यान शहरवासीयांना सोयीचे असले, तरी तालुक्याहून आलेल्या शिक्षकाचे लक्ष साडेसातनंतर शेवटच्या एस.टी.कडे लागते.

सोन्थायमर यांच्यावरील व्याख्यान झाल्यास श्रोत्यांत वाघ्या-मुरळी असावेत, धनगर असावेत. त्यांच्याच ओव्यांविषयी परदेशी पंडिताने काय लिहिले, हे त्यांना ऐकता येईल आणि चुकले असेल तेथे सांगताही येईल. माळेगाव नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे.