‘सागरकन्या’ : समुद्राची नोंद घेणारी नौका

हैदराबाद शहरापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, हे कोकणातील मच्छीमारास मराठीतून कळविणारे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र १९९९ साली याच शहरात स्थापन झाले. अशा सेवेस समुद्राचे जे ज्ञान लागते, ते जमविण्यात ‘सागरकन्या’ या संशोधन नौकेचा वाटा मोठा आहे.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ नौकेने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून मँगनीजयुक्त धातूंचे गोळे प्रथम वर आणले. या कामास अधिक मोठ्या नौकेची आवश्यकता होती. पश्चिम जर्मनीत बांधलेली, सुमारे १०० मीटर लांबीची ‘सागरकन्या’ १९८३ मध्ये केंद्र सरकारच्या महासागर विकास विभागाच्या सेवेत दाखल झाली. तेव्हापासून तिने साडेतीनशेहून अधिक सफरी केल्या आहेत.

नौकेचे काम चिकाटीचे असते. ठरलेल्या ठिकाणी थांबून तारेच्या दोराने एक उपकरण पाण्यात सोडण्यात येते. ते खाली जात असता खोली, तापमान व क्षारता नोंदविते. सोबतच्या नळकांड्या हव्या त्या खोलीवर बंद करून तेथील पाणी वर आणले जाते. अशा अनेक ठिकाणांच्या नोंदींवरून, विहीर खणताना जमिनीचे थर दिसावेत तसे समुद्राचे थर उलगडतात.

या कामाशी शेतकऱ्याचाही संबंध आहे. कारण मोसमी पावसाचे बाष्प समुद्रावरून येते. १९९९ मध्ये बंगालच्या उपसागरात आणि २००२ च्या पावसाळ्यात अरबी समुद्रात या नौकेवरून हवा व पाणी यांची एकत्र मोजमापे घेण्यात आली. २००२ च्या जुलैत पावसाने मोठी ओढ दिली. देशात सरासरीच्या जवळजवळ निम्माच पाऊस झाला. त्या वर्षीच्या समुद्रावरील नोंदी त्यामुळे अभ्यासकांच्या हाती राहिल्या.

उपग्रहास पाण्याचे पृष्ठभागावरील तापमान व रंग दिसतो. रंगावरून सूक्ष्म वनस्पतींचे प्रमाण समजते. जेथे उबदार व थंड पाणी एकत्र येते आणि अशा वनस्पती विपुल असतात, तेथे मासळी जमते. त्यावरून हैदराबादचे केंद्र सूचना देते. परंतु उपग्रहाचे अनुमान बरोबर आहे काय, हे प्रत्यक्ष समुद्रावर जाऊनच पडताळावे लागते. खोलीवरील माहितीसाठी नौकांवरून तरंगती यंत्रे सोडण्यात येतात. ती २००० मीटरपर्यंत बुडी मारून साधारणतः दर १० दिवसांनी वर येतात व उपग्रहामार्फत नोंदी पाठवितात.

मासळीच्या शोधात जाणारा वेळ व डिझेल वाचले, तर मच्छीमाराच्या पदरी दोन पैसे अधिक पडतात. ‘सागरकन्या’सारख्या नौकांच्या सेवेचे मोल शिक्षकांनी विद्यार्थ्यांस याच उदाहरणावरून समजावून द्यावे.