शिळ्या पावाचा फ्रेंच टोस्ट

श्रोतेहो, बाजारातून आणलेला पाव दुसऱ्या दिवशी कडक झाला, म्हणून लगेच टाकू नका. फ्रान्समध्ये अशा पावाचा एक पदार्थ करतात. त्याचं नावच मुळी ‘वाया गेलेला पाव’ अशा अर्थाचं आहे. आपण त्याला फ्रेंच टोस्ट म्हणतो.

चार कापांना दोन अंडी, अर्धी वाटी दूध, दोन चमचे साखर अन् चिमूटभर वेलदोड्याची पूड घ्या. सगळं घुसळून काप दोन्ही बाजूंनी बुडवा आणि तव्यावर तूप सोडून मंद आचेवर भाजा. आच मोठी झाली, की साखर करपते अन् आतलं अंडं कच्चं राहतं. ताजा पाव इथे फसवतो बरं का! तो भिजताच हातात तुटतो. शिळा दूध पिऊनही तग धरतो.

काही घरांत साखरेऐवजी मीठ, कांदा, मिरची, कोथिंबीर घालतात. मला विचाराल, तर हाच अधिक चवदार. अंडं चालत नसेल तिथे डाळीचं पीठ भज्यांपेक्षा पातळ भिजवावं. मात्र त्याचा कच्चट वास जाईपर्यंत धीर धरावा.

पावावर बुरशी दिसली, तर तेवढाच भाग काढून उरलेला मुलांना देऊ नका. बुरशीचे तंतू न दिसता आतवर गेलेले असतात. गुरुजींनी हे वर्गातही सांगावं. असा पाव गुरांनाही घालू नये.