शिळा वाचणारे पंडित भगवानलाल

सुरतेहून मुंबईस जाताना विरारनंतर नालासोपारा हे स्थानक येते. तेथील एका टेकाडास गावकरी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरले, तेव्हा आत विटांचा प्राचीन बौद्ध स्तूप निघाला.

भगवानलाल यांचा जन्म १८३९ साली जुनागढ येथे झाला. गावाबाहेर गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर अशोक, रुद्रदामन आणि स्कंदगुप्त यांच्या काळचे लेख आहेत. यात्रेकरू तिच्याजवळून जात. पण ती अक्षरे कोणास लागत नसत. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली होती. त्या जुन्या अक्षरांचा तक्ता भगवानलाल यांच्या हाती आला आणि हा मुलगा तो घेऊन शिळेपाशी बसू लागला.

पुढे मुंबईस त्यांना डॉ. भाऊ दाजी लाड यांचा आश्रय मिळाला. भाऊ मूळचे गोव्यातील मांद्रे गावचे. माझ्यासारख्या कोकणीभाषकास त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. वैद्यकी सांभाळून इतिहासाचा व्यासंग करणाऱ्या या गृहस्थांनी तरुणाची पारख केली व लेखांच्या नकला घेण्यासाठी त्यास दूरदूर धाडले. १८६९ साली मथुरेस शीतलादेवीच्या चौथऱ्याच्या पायरीत बसविलेला एक दगड भगवानलाल यांना दिसला. त्याच्यावर सिंह होते आणि शक क्षत्रपांचा खरोष्ठी लेख होता. लोक ज्यावर पाय ठेवीत, तो उत्तर भारताच्या इतिहासाचा मोलाचा पुरावा ठरला! नेपाळातून त्यांनी मिळविलेले २३ लेख १८८० साली प्रसिद्ध झाले आणि तेथील प्राचीन राजांचा क्रम लावणे शक्य झाले.

१८७४ साली भाऊ निवर्तले. आधार तुटला, परंतु काम थांबले नाही. भगवानलाल यांना महाविद्यालयीन शिक्षण लाभले नव्हते; इंग्रजीही बेताचेच. ते गुजरातीत लिहीत आणि ब्यूलरसारखे विद्वान त्याचे इंग्रजी करीत. तरीही हॉलंडमधील लायडेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८८८ साली ते वारले. त्यांनी सिद्ध केलेला गुजरातचा प्राचीन इतिहास १८९६ साली, त्यांच्या पश्चात, छापून निघाला.

परभाषेवाचून विद्या अडते, असे मानून खचणाऱ्या विद्यार्थ्याने हे चरित्र आठवावे. भाषांतर दुसऱ्यांनी केले. पण दगडापुढे बसून अक्षर न् अक्षर लावले ते भगवानलाल यांनीच. पुढच्या खेपेस गाडी नालासोपाऱ्यास पोहोचली, म्हणजे क्षणभर त्यांचे स्मरण करा.