झुरळांची पेटी : सरड्याच्या पोटात काय जातं?

आजचा विषय वाचून काही जण अंग चोरून बसले असतील. साहजिक आहे. घरातलं झुरळ घालवायला आपण खडू, जेल, फवारे आणतो, आणि आज आपण झुरळं वाढवायची कशी ते बघणार आहोत. पण ज्याच्या घरी बिअर्डेड ड्रॅगन किंवा टॅरँट्युला आहे त्याला जिवंत खाद्य लागतं. ओट्याखालचं झुरळ पकडून घालणं हा उपाय नव्हे. ते कुठलं कीटकनाशक चाटून आलंय, ते आपल्याला माहीत नसतं.

पूर्वी खाद्य म्हणून सगळीकडे रातकिडेच असत. पण एका डेन्सोव्हायरसने युरोपात १९७७ पासून आणि उत्तर अमेरिकेत २००९ नंतर रातकिड्यांची पैदास केंद्रं ओस पाडली. तिथल्या हौशी लोकांचा ओढा झुरळांकडे वाढला त्याचं हे एक मोठं कारण.

आता झुरळ कुठलं? आमची पसंती ड्युबियाला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या ब्लाप्टिका ड्युबियाला. ते गुळगुळीत काच-प्लॅस्टिकवर चढू शकत नाही. नराला पूर्ण पंख असतात, मादीला नुसते खुंट. थंडीत त्याचं प्रजनन थांबतं, त्यामुळे निसटलं तरी थंड प्रदेशातल्या घरात सहसा वसाहत करत नाही. तुर्कस्तानी झुरळही विकलं जातं, पिल्लं भराभर देतं. पण ते १९७८ साली कॅलिफोर्नियात सापडलं आणि पुढे नैर्ऋत्य अमेरिकेतल्या शहरांत पसरलं. एक लक्षात घ्या, परदेशी कीटक आणण्याआधी आपल्या देशाचा कायदा बघावाच लागतो.

पेटी साधी असते. अपारदर्शक प्लॅस्टिकचा खोका, झाकणाला जाळी, आत अंड्यांचे कागदी ट्रे उभे लावलेले. उभे अशासाठी, की विष्ठा खाली गळते. उष्णता मात्र हवीच, साधारण ३० अंश सेल्सिअस. गारव्यात झुरळं जगतात, पण पिल्लं होत नाहीत. आणि लोक म्हणतात, "विक्रेत्याने फसवलं!"

ड्युबियाची मादी अंडी बाहेर टाकत नाही. अंड्यांची पिशवी ती थोडी बाहेर काढते आणि पुन्हा पोटातल्या कप्प्यात ओढून घेते. दोनेक महिन्यांनी जिवंत पिल्लं जन्मतात, वीस ते तीस, कधी जास्तही. पेटीत पिवळसर पिशव्या पडलेल्या दिसल्या तर समजायचं, काहीतरी बिनसलंय. बहुधा उष्णता कमी, कोरडेपणा फार, किंवा आपणच रोज ट्रे उचलून बघतोय.

आता हिशोब करू. तीस माद्या, प्रत्येकी पंचवीस पिल्लं, अडीच महिन्यांत एकदा. झाली साडेसातशे, म्हणजे दिवसाला दहा. वाढत्या वयाचा ड्रॅगन दिवसाला याच्या कितीतरी पट किडे फस्त करतो! शिवाय पिल्लू वयात यायला चार-सहा महिने लागतात. म्हणून पहिले सहा महिने पेटीतून काही काढायचं नाही, तोवर खाद्य विकत आणायचं. घाईत मोठ्या माद्याच खाऊ घातल्या तर बियाणं दळून खाल्ल्यासारखं होतं. घालायचेच तर जास्तीचे नर घाला. चार माद्यांमागे एक नर पुरतो.

खरा घोळ कॅल्शियमचा आहे. झुरळाला हाडं नाहीत. त्याच्या अंगात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. सरड्याला याच्या उलट हवं असतं, फॉस्फरसच्या दीड-दोन पट कॅल्शियम. ते मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय थरथरतात, पाठ वाकते. सरडा खातोय, पोट भरलेलं दिसतंय, आणि हाडं मात्र झिजताहेत. म्हणून खाऊ घालण्याआधी एक-दोन दिवस झुरळांना हिरवा पाला, गाजर, भोपळा द्यायचा, आणि देताना अंगावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. यूव्हीबी दिवाही हवा. नाहीतर ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको.

झुरळांना मांजराचं कोरडं खाद्य घालणारे बरेच आहेत. थोडं चालतं. पण प्रथिनं जास्त झाली की झुरळ जादा नायट्रोजन यूरेटच्या रूपात अंगातच साठवतं, आणि ते सरड्याच्या पोटात जातं.

कोळ्याचं गणित वेगळं. टॅरँट्युलाला ना हाडं, ना पूड. मोठ्याला आठवड्याला एखादं झुरळ पुरतं. फक्त ड्युबिया मातीत शिरून दडी मारतं, म्हणून त्याचं डोकं चिरडून द्यावं. कोळी कात टाकत असेल तर पिंजऱ्यात झुरळ अजिबात राहू देऊ नका; त्या दिवसांत त्याचं अंग मऊ असतं आणि झुरळ त्याला कुरतडू शकतं.

आणि पेटी साफ करताना तोंडाला मास्क बांधा. विष्ठेच्या आणि कातींच्या धुळीने ॲलर्जी होते, काहींना दमाही. ही ॲलर्जी पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही, वर्षानुवर्षं पेटी हाताळल्यावरही जडू शकते. पेटी झोपायच्या खोलीत तर ठेवूच नका.