इंडेक्स काढला तर नावं जातात का?

एकट्या राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांची यादी मी कॉम्प्युटरवर डेटाबेसमध्ये ठेवते. नाव, फोन, चालू औषधं. परवा नातू म्हणाला, "आजी, यातले दोन इंडेक्स काढून टाकू." माझ्या पोटात गोळाच आला. नावं गेली तर?

नावं जात नाहीत. मी नर्स होते, म्हणून वॉर्डाचंच सांगते. केसपेपर कपाटात असतात, कुठला कुठे आहे ते वहीत. वही फाडली तरी केसपेपर जागेवरच, फक्त शोधायला वेळ लागतो. इंडेक्स म्हणजे ती वही. पण वह्या चार असल्या तर नवा पेशंट चारही ठिकाणी लिहावा लागतो. म्हणून बिनकामाची वही काढायची.

आमचा एक इंडेक्स नुसत्या आडनावाचा, दुसरा आधी आडनाव मग नाव असा. दुसऱ्यात पहिल्याचं काम होतंच. पहिला 'ड्रॉप इंडेक्स' हुकुमाने काढला.

मग नातू सभासद नंबराच्या इंडेक्सकडे वळला. "यावरून कोणी शोधत नाही, आजी." मी विचारलं, "मग तो करतो काय?" बघितलं तर तो युनिक इंडेक्स, एकच नंबर दोघांना देऊ न देणारा. तो गेला तर चूक अडवायला कोणी नाही. एका नंबराचे दोन पेशंट म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला! तो ठेवला.

मायएसक्यूएल 8.0 पासून इंडेक्स आधी लपवून बघता येतो. काही अडलं नाही, तरच काढा.